राग कुणाचा, निघतो कुणावर?



नाटक वाचावे की पाहावे, असे कुणी पूर्वी विचारले असते तर आम्ही चटकन सांगितले असते, वाचावे! पुस्तक आपल्या हातात असते. कळले नाही तर मागचे पान उलटता येते, शब्दकोश काढता येतो, शिवाय तिकिटाचे पैसे वाचतात. पण एका इंग्रजी नाटकाने आमची ही समजूत पार मोडून टाकली. ते नाटक आम्ही आधी वाचले आणि मग पाहिले. वाचले तेव्हा वाटले, सगळे कळले. पाहिले तेव्हा उमगले, काहीच कळले नव्हते. आणि गंमत अशी, की ते आम्हांला ज्यांनी समजावून दिले त्या आमच्या घरच्या मंडळींना इंग्रजीचे अक्षरही येत नाही.

आमची थोरली लेक इंग्लंडात केंब्रिजच्या बाजूला एका दवाखान्यात परिचारिका आहे. रजेवर आली तेव्हा तिने एक बारीकसे पुस्तक आणले. नाव ‘फेन’, लेखिका कॅरिल चर्चिल. म्हणाली, “बाबा, हे वाचा. ह्यात राजा नाही, राणी नाही, बंगलेवाले साहेब नाहीत. रोजावर जाणाऱ्या बाया आहेत.”

आम्हांला नवल वाटले. इंग्रजी खेडे म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे कॅलेंडरवरचे चित्र येई. लहानसे टुमदार घर, दारात गुलाब, मागे चर्चचे शिखर, हिरव्या कुरणात मेंढ्या. त्या कुरणात खाली वाकून काम करणारे कुणी असेल, असे कधी मनातच आले नव्हते. चित्रात ते दाखवतच नाहीत ना!

पाण्यातून काढलेली जमीन

नाटकाचे नाव समजायचे तर तो मुलूख समजला पाहिजे. ‘फेन’ म्हणजे पाणथळ, दलदलीची जागा. इंग्लंडच्या पूर्वेला केंब्रिजच्या वर, ईली गावाच्या आसपास असा फार मोठा प्रदेश होता. तिथले गरीब लोक मासे आणि वाम धरून, पाणपाखरे मारून, लव्हाळे कापून पोट भरत. पायांना उंच काठ्या लावून पाण्यातून चालत.

१६३० च्या सुमारास बेडफर्डच्या उमरावाने आणि त्याच्याबरोबर पैसा घालणाऱ्या धनिकांनी हे पाणी काढायचा घाट घातला. व्हर्म्युडेन नावाचा डच इंजिनियर आणला. रेघ मारल्यासारखे सरळ कालवे खणले. पाणी हटले, खालून काळीभोर कसदार जमीन निघाली आणि पैसा घालणाऱ्यांच्या नावावर मोठमोठे तुकडे चढले. ज्यांचे पोट त्या पाण्यावर होते त्यांनी बांध फोडले, पाण्याचे दरवाजे मोडले. पण शेवटी पैसाच जिंकला. मासे धरणाऱ्याचा नातू दुसऱ्याच्या रानात मजूर झाला.

ही जमीनही विलक्षण आहे. कुजलेल्या झाडपाल्याची ती माती. पाणी काढले की आक्रसते, वाळली की वाऱ्याने उडते. होम फेन म्हणून एक जागा आहे. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर एक लोखंडी खांब जमिनीत पुरला होता, त्याचे डोके जमिनीच्या बरोबरीला ठेवून. आज तो खांब सुमारे चार मीटर उघडा आहे. खांब वर आलेला नाही, जमीन खाली गेली आहे.

ह्या रानांत काम करायला माणसे लागत, तीही स्वस्तात. एकोणिसाव्या शतकात बायकापोरांच्या टोळ्या करून त्यांना मैलोन्‌मैल चालवत नेत. टोळीवर मुकादम असे. आपल्याकडच्या ऊसतोडीच्या टोळीची आठवण यावी असाच तो प्रकार. शेवटी १८६७ साली पार्लमेंटला कायदा करावा लागला, की आठ वर्षांखालचे मूल टोळीत घेऊ नये आणि टोळीवाल्याने परवाना काढावा. आठ वर्षांखालचे! म्हणजे त्याआधी केवढी केवढी पोरे त्या चिखलात उभी असतील ते बघा.

नाटक तयार झाले ते असे

१९८२ साली ‘जॉइंट स्टॉक’ ह्या नाटकमंडळीतले नट-नट्या आणि लेखिका अपवेल नावाच्या गावी जाऊन राहिल्या. गावातल्या लोकांशी बोलल्या, त्यांचे काम पाहिले, जुन्या आठवणी ऐकल्या. मग कॅरिल चर्चिल यांनी नाटक लिहिले. लेस वॉटर्स यांनी ते बसवले. जानेवारी १९८३ मध्ये एसेक्स विद्यापीठाच्या नाट्यगृहात पहिला प्रयोग झाला आणि लगेच ते लंडनच्या अल्मेडा नाट्यगृहात आले. पात्रे वीसबावीस, पण नट सहाच, पाच बायका आणि एक पुरुष. तोच पुरुष मजूर होतो, तोच मालक होतो. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

त्याच मुलखातल्या बायांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलेल्या हकिकती मेरी चेंबरलेन यांनी १९७५ साली ‘फेनविमेन’ ह्या पुस्तकात छापल्या होत्या. म्हणजे कॅलेंडरवरच्या चित्राखाली वाकलेल्या बाया दिसू लागल्या त्या ह्या वर्षांत.

वाचले तेव्हा

आम्ही रोज संध्याकाळी दोनचार पाने वाचत असू. मंडळी भाकरी थापत असत आणि आम्ही त्यांना गोष्ट सांगत असू.

गोष्ट थोडक्यात अशी. व्हॅल ही तिशीतली बाई. नवरा आहे, दोन लहान मुली आहेत, डेब आणि शोना. रानात रोजाने जाते. तिचे मन फ्रँक नावाच्या ट्रॅक्टर चालवणाऱ्या माणसावर बसते. ती नवऱ्याचे घर सोडून फ्रँककडे येते. पण मुलींशिवाय तिला राहवत नाही. परत जाते, तर फ्रँकशिवाय राहवत नाही. अशा येरझाऱ्या घालता घालता तिचा जीव मेटाकुटीला येतो. चर्चच्या बायांच्या प्रार्थनेला जाऊन बघते, तिथेही मन रमत नाही. शेवटी ती फ्रँकलाच म्हणते, तूच मला मारून टाक. आणि तो तिला कुऱ्हाडीने मारतो आणि प्रेत कपड्यांच्या कपाटात ठेवतो.

“दोन लेकरं टाकून गेली, मग रडती कशाला?” मंडळी तव्यावरची भाकरी उलटत म्हणाल्या. आम्हीही मान डोलावली. वर संसाराविषयी चार उपदेशाचे शब्द जोडले.

दुसरी एक बाई अँजेला. तिची सावत्र मुलगी बेकी, पंधरा वर्षांची. अँजेला तिला घराबाहेर जाऊ देत नाही, तिचा छळ करते. एका प्रवेशात ती बेकीला कढत पाणी प्यायला लावते. आम्ही म्हणालो, सावत्र ती सावत्रच, इंग्लंडात काय नि इथे काय!

आमची एक खोड आहे. वाचताना हातात पेन्सिल असते. व्हॅलच्या पानावर आम्ही समासात लिहिले, ‘वाईट आई’. अँजेलाच्या पानावर, ‘दुष्ट’. फ्रँकच्या पानावर, ‘भित्रा’. परीक्षेचे पेपर तपासावेत तसे आम्ही सगळ्यांना गुण दिले आणि पुस्तक मिटले.

पाहिले तेव्हा

पुढे लेकीने आम्हा दोघांना महिनाभर बोलावून घेतले. बटाटे निघायचे दिवस होते. तिने गाडीतून आम्हांला तो मुलूख दाखवला. डोळ्यांवर विश्वास बसेना अशी सपाट जमीन. झाड नाही, टेकडी नाही, नुसती काळी माती आणि आभाळ. नदी मात्र वर, दोन्ही बाजूंच्या बांधांच्या मध्ये, आणि शेते तिच्याहून खाली. मंडळी म्हणाल्या, “बया! हितं नदी डोक्यावर हाय!”

एका रानात यंत्रामागून दहाबारा माणसे वाकून चालली होती. अंगात पावसाळी कोट, डोक्यावर टोप्या. लेक म्हणाली, आता ह्या कामाला बरेचसे मजूर पूर्व युरोपातून येतात, लिथुआनिया, रुमानिया, बल्गेरिया अशा देशांतून. टोळीवाल्याला परवाना लागतो. पण हा नवा कायदा कधी झाला माहीत आहे? २००४ साली. त्या वर्षी फेब्रुवारीत इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मोरकॅम्बच्या खाडीत रात्रीच्या वेळी शिंपले वेचायला लावलेले किमान एकवीस चिनी मजूर भरतीच्या पाण्यात बुडून मेले. त्यानंतर सरकारची झोप उडाली. १८६७ काय आणि २००४ काय, मजूर मेल्याशिवाय कायद्याला जाग येत नाही, हे तिथेही खरेच.

ईलीचे भव्य चर्च तर पाहिलेच. पण लेकीने दुसऱ्या एका लहान चर्चच्या भिंतीवरची दगडी पाटी दाखवली. १८१६ साली लढाई संपून शिपाई घरी आले होते, काम नव्हते, भाकरी महागली होती. लिटलपोर्टच्या मजुरांनी दंगा केला. पाच जणांना ईलीत फाशी दिले. ती पाटी त्या पाच जणांची. पण ती त्यांच्या आठवणीसाठी नाही, बाकीच्यांना दरारा बसावा म्हणून लावलेली! आम्ही बराच वेळ तिथे उभे राहिलो.

त्याच आठवड्यात जवळच्या एका गावातल्या हौशी मंडळींनी सभागृहात ‘फेन’चा प्रयोग लावला होता. शंभरेक खुर्च्या. लेक मध्ये बसली, एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला तिची आई. आईला हळू आवाजात मराठीत सांगत जायचे असे ठरले होते.

आत शिरलो आणि थबकलोच. रंगमंचावर सगळीकडे माती पसरलेली! पुस्तकात तसे होते म्हणा. १९८३ सालच्या पहिल्या प्रयोगातही खोलीतच शेत होते. पण वाचताना आम्ही ते वाक्य ओलांडून पुढे गेलो होतो. आता त्या मातीचा वास नाकात गेला. टेबल मातीवर, खाट मातीवर, इस्त्रीचे टेबल मातीवर, कपड्यांचे कपाटही मातीवरच. कुठला प्रवेश घरातला आणि कुठला रानातला, हे पायाखाली बघून ओळखताच येईना.

लोक अजून जागा शोधत होते तेव्हाच मातीत एक अनवाणी पोरगा उभा होता. अंगावर चिंध्या, हातात खुळखुळा. तो पाखरे हाकत होता. ओरडून ओरडून त्याचा आवाज बसत गेला. शेवटी नुसता श्वास ऐकू यायचा, तरी तो ओरडतच होता. मग अंधार झाला. लेकीने काही सांगायच्या आत मंडळी म्हणाल्या, “राखण करतंय पोरगं.”

मग एक जपानी उद्योगपती येतो. सुटाबुटातला, हसतमुख. इंग्लंडातली सगळ्यांत महाग माती म्हणून तो ह्या रानाची तारीफ करतो, पाणी काढणाऱ्या जुन्या धनिकांना दूरदृष्टीचे म्हणतो. वाचताना आम्हांला हा विनोद वाटला होता. पण तो पोरगा आत्ताच तिथे उभा होता आणि आता त्याच जागी हे चकचकीत बूट! सभागृहात कुणी हसले नाही.

पुढचा प्रवेश बटाटे वेचायचा. चार बाया वाकून ओळीने वेचत चालल्या आहेत. बोलणे थोडे, काम जास्त. व्हॅल अर्ध्यातच काम टाकून निघते, मुकादमीण तिला झापते. एकटी नेल म्हणून एक बाई मुकादमणीला उलट बोलते. आम्ही संवादाकडे कान लावून बसलो होतो. मंडळींचे डोळे मात्र बायांच्या पाठीवर होते. त्यांचे माहेर आंबेगाव तालुक्यातले, सातगाव पठाराच्या बाजूचे. तिकडे बटाटाच. वयाच्या नवव्या वर्षापासून त्या दुसऱ्याच्या रानात वेचणीला जात. एक नटी उठताना कंबरेवर हात ठेवून, क्षणभर थांबून, मग सरळ झाली. मंडळी लेकीच्या कानात म्हणाल्या, “ही उठली बघ, तशीच उठायची आमची आय.”

आता फ्रँकचा प्रवेश. तो ट्रॅक्टरवर एकटाच. मालकाकडे पगारवाढ मागायची आहे. म्हणून तो स्वतःशीच दोघांचे बोलणे करून बघतो. आधी फ्रँक होऊन मागतो, मग मालक होऊन उत्तर देतो. मालक कसा गोड बोलतो! तुझ्या बापाला मी कसे सांभाळले, आपण काय परके आहोत का, असे ते बोलणे. आणि मजेची गोष्ट ही, की फ्रँकच्या तोंडून मालकाचेच बोलणे जास्त ठसक्यात निघते. बोलता बोलता त्याचा तोल जातो, तो मालकाला मारायला हात उगारतो आणि तो हात सट्‌दिशी बसतो त्याच्या स्वतःच्याच तोंडावर.

वाचताना आम्ही ह्याच पानावर ‘भित्रा’ असे लिहिले होते. त्या सभागृहात तो आवाज ऐकला आणि आमचे कान गरम झाले.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. इतकी वर्षे ती आम्ही कुणाला सांगितली नव्हती. आम्ही तेव्हा एका कारखान्यात होतो. एक दिवस साहेबाने सगळ्यांदेखत आम्हांला वाटेल ते बोलून घेतले आणि अर्धा दिवस कापला. चूक आमची नव्हती. आम्ही म्हणालो, “होय साहेब.” दिवसभर ते ‘होय साहेब’ घशात अडकून राहिले. घरी आलो तर थोरल्या लेकीच्या हातून शाईची दौत सांडली होती, चटईवर. आठ वर्षांची पोर. आम्ही तिच्या थोबाडीत दिली. ओठातून रक्त आले. फ्रँकने निदान स्वतःच्याच तोंडात मारली. आम्ही तर तेवढेही केले नाही. आणि ती लेक आता आमच्या शेजारी बसून तिच्या आईला मराठीत नाटक सांगत होती.

वाकवलेली बाई

त्यानंतर नाटक आम्हांला वेगळेच दिसू लागले. अँजेला बेकीसमोर कढत पाण्याचा पेला धरते, तो प्रवेश आला. थोड्याच वेळापूर्वी हीच अँजेला बटाट्याच्या ओळीत वाकलेली आम्ही पाहिली होती. पायाखाली तीच माती. मंडळी पुटपुटल्या, “हिला दिवसभर कुणीतरी वाकवलंय. त्ये ती पोरीवर काढतीय.” मग थोडे थांबून म्हणाल्या, “पर म्हणून पोरीचं तोंड भाजायचं थोडंच ऱ्हातंय?”

वाचकहो, ह्या दोन वाक्यांत सगळे आले. राग कुठून आला हे समजून घ्यावे. पण समजले म्हणून तो माफ होत नाही. आम्ही पहिले केले नव्हते, सरळ ‘दुष्ट’ लिहून मोकळे झालो होतो. आणि स्वतःच्या बाबतीत मात्र दुसरे विसरलो होतो. ‘साहेबाने अपमान केला, म्हणून हात उचलला गेला,’ एवढे म्हणून आम्ही स्वतःला इतकी वर्षे माफ करून टाकले होते.

शर्ली नावाची पन्नाशीची बाई आहे. तिचा हात कधी रिकामा नसतो. रानातून आली की घरचे काम, ते झाले की इस्त्री. ती एक जुनी गोष्ट सांगते. तिच्या आजीने आपल्या आजीकडून ऐकलेली. फार वाईट दिवस आले की लोक रात्री जाऊन मालकाची जनावरे जखमी करीत. चोरी नाही, मांसासाठी नाही. कोकराला भोसकायचे, घोड्याची शीर तोडायची आणि घरी यायचे. तेवढ्याने जरा शांत वाटे. लहानपणी ही गोष्ट ऐकून शर्ली त्या जनावरांसाठी रडली होती. आता तिला वाटते, दुःख कसे असते हेच आपण विसरून गेलो होतो, आणि पुन्हा ते आठवायलाही नको. एवढे बोलून ती कामच करीत राहते.

ज्या मालकाचा राग, त्याच्यापर्यंत हात पोचत नाही. मग तो कोकरावर पडतो, पोरीवर पडतो, स्वतःच्या तोंडावर पडतो. नाहीतर नेलसारख्या बाईवर पडतो. गावात विचारणारी, उलट उत्तर देणारी ती एकटी. आणि गावातली पोरे तिलाच चेटकीण म्हणून चिडवतात! मालकाला कुणी चिडवत नाही.

पुढे तर मालकही मालक राहत नाही. ट्यूसन नावाचा तो जमीनदार आपले रान शहरातल्या एका गुंतवणूकदार संस्थेला विकतो आणि स्वतःच्याच जमिनीवर खंडकरी होतो. दीडशे वर्षांपूर्वी भुकेने पोर गेलेली एक मजूर बाई भूत होऊन त्याला भेटते, त्याला जाब विचारते. पण जमीन तर आता कागदावर गेली. आता फ्रँकला हात उगारायचा म्हटले तरी समोर तोंडच नाही. लंडनच्या एखाद्या कचेरीत एक फाइल असेल, एवढेच. मग तो हात आणखी कुठे जाणार? कुऱ्हाडीचा शेवट आम्हांला वाचताना अचानक वाटला होता. पाहताना वाटले, पहिल्या चपराकीपासून तो हात तिकडेच निघाला होता. आणि मजूर फ्रँक व मालक ट्यूसन दोघे एकाच नटाने केलेले असल्यामुळे, हात नेमका कुणाचा, हेही कळेनासे झाले.

मधेच त्या मुली, बेकी, डेब आणि शोना, मोठेपणी कोण होणार ह्याचे गाणे म्हणतात. त्यांची स्वप्ने गावच्या वेशीबाहेर फारशी जातच नाहीत. आमची लेक त्या वेळी काही सांगायची थांबली. तिच्या आईनेही विचारले नाही.

शेवट मात्र डोळ्यांपुढून जात नाही. फ्रँक प्रेत कपाटात ठेवतो आणि दार लावतो. तेवढ्यात दुसऱ्या बाजूने व्हॅल चालत आत येते! आता तिला सगळे दिसते, मेलेले, जिवंत, मागचे, आताचे. बेकी दुःस्वप्नातून धावत येते. नेल उंच काठ्यांवरून ते रान ओलांडून जाते, जुन्या पाणलोकांसारखी. तो पाखरे हाकणारा पोरगा परत दिसतो. शर्ली शेताला इस्त्री करीत असते, होय, मातीला! आणि व्हॅलची आई मे, जिला गायिका व्हायचे होते आणि म्हणूनच जिने जन्मभर कधी गाणे म्हटले नाही, ती उभी राहून गाते.

शर्ली मातीवर इस्त्री फिरवू लागली तेव्हा मागे कुणीतरी हसले. मंडळी हसल्या नाहीत. त्यांनी पदर तोंडाला लावला.

परतीची वाट

परत येताना गाडीत कुणी बोलत नव्हते. बाहेर काळोख, दोन्हीकडे ते सपाट रान. बऱ्याच वेळाने मंडळी आम्हांला म्हणाल्या, “अवो, तुमी म्हनलावता, ती लेकरं टाकून गेली. कुटं गेली ती? त्याच गावात व्हती, त्याच रानात येचीत व्हती. जायला जागा कुटं व्हती तिला?”

आम्हांला उत्तर सुचले नाही. आम्ही पुस्तकात घर वाचले होते, नवरा वाचला होता, प्रियकर वाचला होता. पायाखालची माती वाचलीच नव्हती.

मग आम्ही लेकीला विचारले, “शाई सांडली होती, आठवतं का गं तुला?”

ती रस्त्याकडे बघत गाडी चालवत होती. म्हणाली, “आठवतं बाबा.” थोड्या वेळाने म्हणाली, “त्या दिवशी तुम्ही डबा तसाच भरलेला परत आणला होता. तेही आठवतं. आईनं उघडला तेव्हा मी बघत होते.”

“माझं चुकलं होतं,” आम्ही म्हणालो. हे तीन शब्द बोलायला आम्हांला तीसेक वर्षे लागली. ती ‘असू द्या’ म्हणाली नाही. आम्हांला तेही योग्यच वाटले. घरी पोचल्यावर तिने तिघांसाठी चहा टाकला.

हे पुस्तक कुठे मिळाले तर जरूर वाचा. इंग्रजी फार अवघड नाही, वाक्ये तुटक आणि रोजच्या बोलण्यातली आहेत. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी ते घरात मोठ्याने वाचावे आणि मराठीत सांगावे. मात्र ऐकायला ज्यांच्या पाठीने ते काम केले आहे अशा आई, मावशी, आजी यांना जवळ बसवावे. समासात काय लिहायचे ते आधी त्यांना विचारावे. आमच्यासारखी घाई करू नये.

पुस्तक अजून आमच्याजवळ आहे. पेन्सिलीचे ते तीन शेरे खोडावेत असे मनात आले होते. पण खोडले नाहीत. ‘भित्रा’ ह्या शब्दाखाली फक्त आमचे नाव लिहिले आहे.

आणि तुम्हांलाही एकच विचारतो. आज संध्याकाळी कामावरून घरी येताना, दाराची कडी वाजवण्याआधी, क्षणभर उंबऱ्याबाहेर थांबा आणि स्वतःला विचारा, हातात जो राग आहे तो कुणाचा आहे? आत बसलेल्या पोरांचा तर नाही ना?